घर म्हणजे फ्रीज नव्हे

मार्च उजाडला की गोव्यात बोलण्याचे विषय ठरलेले असतात. मानकुराद यंदा कधी येणार, नळाला पाणी किती वाजता येते, वीज दिवसातून किती वेळा जाते आणि उकाडा. उकाडा आपल्याला नवा नाही, पण तो पूर्वीसारखा राहिलेला नाही हेही खरे. २०२३ च्या मार्चमध्ये ९ आणि १० तारखेला उष्णतेच्या लाटेमुळे गोव्यातल्या शाळा दुपारपूर्वी सोडाव्या लागल्या, हे पुष्कळांना आठवत असेल. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात! तेव्हा लोक घर थंड ठेवण्याचे उपाय शोधू लागले, तर त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही.

या उपायांत अलीकडे एक नवा पाहुणा आला आहे. स्प्रे फोम, पीयू फोम, पफ अशी त्याची नावे. छताला आतून फवारा मारायचा, तो फुगतो, घट्ट होतो, आणि मग म्हणे ऊन घरात उतरत नाही. स्लॅबला मारा, पत्र्याला मारा, कौलांना मारा. माझा आक्षेप आहे तो या 'सगळीकडे एकच औषध' म्हणण्याला. फोम ही वाईट वस्तू नाही. पण आपल्या हवेत, आणि विशेषतः आपल्या जुन्या कौलारू घरात, तो कुठे मारायचा आणि कुठे मुळीच मारायचा नाही हे न कळता मारला, तर उन्हापासून वाचवलेले घर ओल खाऊन टाकील. एवढे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. पॉलियुरेथेन हा पदार्थ जर्मनीत ओटो बायर या रसायनशास्त्रज्ञाने १९३७ साली शोधला. फवारणीसाठी दोन पिंपे लागतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि फुगवणारी द्रव्ये. दोन्ही पिस्तुलाच्या तोंडाशी एकत्र येतात आणि पाहता पाहता पातळ थराचा फेस होतो. त्यात दोन जाती. खुल्या पेशींचा फोम सुमारे शंभरपट फुगतो, स्पंजासारखा मऊ राहतो, आणि त्यातून हवेतली वाफ आरपार जाऊ शकते. बंद पेशींचा तीस-चाळीसपट फुगतो, कडक होतो, त्याच्या प्रत्येक बुडबुड्यात वायू कोंडलेला असतो, आणि त्यातून पाणी किंवा वाफ सहजी जात नाही. तेवढ्याच जाडीत उष्णता अडवण्यात बंद पेशींचा फोम जवळजवळ दीडपट सरस. तो महागही अर्थातच जास्त.

तशी ही वस्तू आपल्या घरात केव्हाच येऊन बसली आहे. फ्रीजच्या भिंतीत जो फोम असतो तो याच जातीचा. शीतगृहे, मासळी वाहून नेणाऱ्या गाड्या, बर्फाच्या पेट्या यांच्या भिंतींतही तोच. तिथे तो उत्तम काम करतो, कारण फ्रीज ही बंद पेटी आहे. दार घट्ट, आत कुणी राहत नाही, चूल पेटत नाही, भात शिजत नाही, ओले कपडे वाळत नाहीत आणि वर चार महिने पाऊस कोसळत नाही. इतके असूनही दाराचे रबर जरा सैल झाले की कडेला पाणी कसे जमते ते प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक आहे. हे पाणी फ्रीजमधले नव्हे, ते आपल्या स्वयंपाकघराच्या हवेतले. घराच्या बाबतीतही सगळी गोम या पाण्यातच आहे.

थोडे आकडे पाहू, कारण आकड्यांशिवाय ओल समजत नाही. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता ही आपल्याकडची अगदी रोजची हवा. अशा एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. एसी लावलेल्या, २४ अंशांच्या आणि ५० टक्के आर्द्रतेच्या खोलीत ते असते सुमारे ११ ग्रॅम. म्हणजे बाहेरच्या हवेत दुपटीहून अधिक पाणी, आणि फट सापडेल तिथून ते आत शिरायला बघते. शिवाय बाहेरच्या या हवेचा दवबिंदू सुमारे २६ अंशांवर असतो. त्याहून थंड अशा कुठल्याही वस्तूला ती हवा लागली की वाफेचे पाणी झालेच. वळवाच्या सरी येऊन गेल्या की घरातल्या लादीला घाम फुटतो, चालताना पाय चिकटतात, तो हाच प्रकार. खालून पाणी वर आले असे आपण समजतो, पण बऱ्याचदा ते हवेतूनच उतरलेले असते.

आता याच्या उलट लंडनचा हिवाळा घ्या. बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर हवेत पाणी साडेपाच ग्रॅमच्या आत. घरात शेगडी पेटवून २० अंश ठेवलेले, तिथे साडेआठ ग्रॅम. तिकडे वाफ आतून बाहेर जायला बघते, आपल्याकडे थंड केलेल्या खोलीत ती बाहेरून आत यायला बघते. दिशाच उलटी. घराला दुलई पांघरण्याची विद्या मुख्यतः थंड मुलखात वाढली. तिथली वाफेची दिशा गृहीत धरून केलेले काम आपल्याकडे जसेच्या तसे उचलले, तर ते उलटे पडणारच.

मग जिथली हवा आपल्यासारखीच दमट आणि गरम आहे तिथे या फोमचा अनुभव काय? अमेरिकेच्या दक्षिणेला, फ्लोरिडापासून टेक्सासच्या किनाऱ्यापर्यंत, तो पुष्कळ वापरला गेला आहे. तिकडची घरे बहुतांशी लाकडी, एसी जवळजवळ वर्षभर चालू, आणि एसीच्या हवेच्या नळ्या छपराखालच्या माळ्यातून नेलेल्या. माळ्याला वायुवीजनाची भोके असत, त्यातून बाहेरची दमट हवा आत येई आणि थंड नळ्यांवर तिचे पाणी होई. म्हणून तज्ज्ञांनी सुचवले की माळा बंदच करून टाका आणि छपराच्या फळ्यांना आतून फोम मारा. त्याने फायदा झाला. नळ्या सुरक्षित झाल्या, विजेचा खर्च उतरला.

पण खुल्या पेशींचा फोम मारलेल्या काही घरांत पुढे वेगळीच तक्रार आली. छपराच्या आढ्यापाशी, म्हणजे सर्वांत उंच जागी, लाकूड ओले सापडू लागले. पाऊस तर गळत नव्हता. जोसेफ लस्टिब्युरेक या इमारतशास्त्रज्ञाने या पाण्याला पिंगपाँगचे पाणी असे गमतीदार नाव दिले. रात्री छप्पर उघड्या आकाशाखाली थंड होते, तेव्हा माळ्यातली वाफ फोममधून वर जाऊन फळ्यांत मुरते. दिवसा ऊन तापले की तीच वाफ फळ्यांतून सुटून पुन्हा खाली ढकलली जाते. रोज हाच खेळ. दमट हवा हलकी असते, त्यामुळे ही वाफ सरकत सरकत आढ्यापाशी गोळा होते. यावर जे उपाय पुढे आले ते लक्षात ठेवण्यासारखे आहेत. एक तर त्या माळ्यातही एसीची कोरडी हवा खेळवा, किंवा आढ्यापाशी वाफेला बाहेर पडायला वाट ठेवा. थोडक्यात, घराचे नाकतोंड दाबून झाल्यावर पुन्हा एक नाकपुडी उघडावी लागली.

हे वाचले आणि मला आपले जुने घर आठवले. त्याच्या आढ्यापाशी नाकपुडी पहिल्यापासून आहे.

आपल्या कौलारू घराची रचना एकदा या दृष्टीने पाहावी. आधी गोल नळे होते, मग मंगळुरी कौले आली. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौले सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरली. कौले रिपांवर नुसती अडकवलेली असतात, चिकटवलेली नसतात. दोन कौलांमधून पाऊस आत येत नाही, पण हवा जाते-येते. तापलेली हवा वर चढून त्या फटींतून निघून जाते. कौल मातीचे, थोडे पाणी पिते आणि ऊन पडले की सोडते. त्याखाली लाकडी माळा असेल तर कौलांची धग थेट अंगावर येत नाही. भिंती चिऱ्याच्या किंवा मातीच्या. चिरा हा सच्छिद्र दगड, पावसाळ्यात ओल घेतो आणि उन्हाळ्यात देऊन टाकतो, पण एका अटीवर. त्याच्यावरचा गिलावा चुन्याचा हवा. पूर्वी शिंपल्या भाजून चुना करीत. त्या चुन्यातून ओल वाट काढते. पुढे रुंद पडवी, लांब उतरलेल्या पागोळ्या आणि घरामध्ये राजांगण. ऊन भिंतीला लागूच द्यायचे नाही, पाऊस आला तर येऊ द्यायचा पण थांबू द्यायचा नाही, असा सगळा बेत.

ही रचना स्वर्गीय होती असे मी म्हणत नाही. माळा नसलेल्या कौलारू घरात एप्रिलच्या दुपारी डोके तापते, हे त्यात राहिलेल्या कुणालाही विचारा. राजांगणाची घरे तर मोजक्या लोकांची, बाकीच्यांच्या वाट्याला मातीच्या भिंती आणि झावळ्यांचे छप्पर. पावसाळ्यात झडीने भिंत ढासळू नये म्हणून बाहेरून झाप बांधत. तेव्हा जुने ते सोने असे गाणे मला गायचे नाही. पण ते घर ओले होऊन पुन्हा वाळत होते, आणि आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हे ज्याने लक्षात घेतले त्याला या गुणाची किंमत कळेल.

या घराचा आणखी एक गुण म्हणजे त्याची शाकारणी. पावसाच्या आधी माणूस छपरावर चढायचा, फुटके कौल बदलायचा, सरकलेले सारखे करायचा, कुजलेली रीप काढून नवी ठोकायचा. दरवर्षी घराची तपासणी आपोआप व्हायची. गळते कुठे हे पहिल्याच सरीला कळायचे, खाली तांब्या-टोप ठेवला जायचा, आणि ऊन पडले की वर चढून काम व्हायचे.

आता या कौलांना आतून बंद पेशींचा फोम मारला तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. फोम हा उत्तम गोंद आहे. कौल, रीप, वासा सगळे एकमेकांना चिकटून एक लगदा होतो. एक कौल फुटले तर ते सुटे निघत नाही. फटी बुजल्या, हवा बंद. पाऊस फुटक्या कौलातून आत आला तर खाली टपकत नाही, फोमच्या वर वाशाच्या अंगाला लागून बसून राहतो. माटीचा, किंदळाचा, फणसाचा वासा दोन-दोन पिढ्या टिकतो तो भिजूनही वाळतो म्हणून. त्याला तीन बाजूंनी फेसात गाडले तर तो वाळणार कुठून? आणि वाळवी? तिला फोम खायला लागत नाही, पण त्यातून बोगदा काढायला फार आवडते. वाळवीचा उपद्रव जास्त असलेल्या अमेरिकेच्या भागांत जमिनीखाली पायाच्या भिंतींना फोम लावायलाच बांधकाम संहितेने मर्यादा घातली आहे, ती उगाच नव्हे. उघड्या वाशावर वाळवीची मातीची रेघ दिसते. फेसामागची रेघ कुणाला दिसणार?

हे सगळे जिथे माणूस राहतो तिथे. पण गोव्यात कुलपे लागलेली घरे किती आहेत! धनी मुंबईला, लिस्बनला नाही तर इंग्लंडात. चवथीला घर उघडायचे, पाच-सात दिवस राहायचे आणि पुन्हा कुलूप. अशा घराचे छप्पर 'एकदाचे पक्के करून टाकू' या विचाराने फोम मारून घेण्याचा मोह या लोकांना सर्वांत जास्त होणार, आणि नुकसानही त्यांचेच सर्वांत जास्त होणार. बंद घरात एसी नाही, पंखा नाही, चुलीचा धूर नाही. कौलांच्या फटी हेच त्या घराचे वायुवीजन. तेही बुजवले तर चवथीला दार उघडल्यावर काय वास येईल ते सांगायला नको.

असा धडा आपण एकदा गिरवलेला आहे, फक्त विसरलो आहोत. चिऱ्याच्या भिंतींवरचा चुना खरवडून आपण सिमेंटचा गिलावा केला. त्यावर प्लास्टिकसारखा रंग लावला. भिंत गुळगुळीत झाली, छान दिसू लागली. दोन-तीन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले, पापुद्रे सुटू लागले, खाली पांढरी बुकटी पडू लागली. आपण रंगाला दोष दिला, मग गवंड्याला दिला, शेवटी 'वॉटरप्रूफ' म्हणून आणखी जाड रंग लावला. दोष एवढाच होता की चिऱ्याची ओल बाहेर यायची वाट आपण बंद केली होती. कौलांना फोम मारणे हा त्याच गोष्टीचा दुसरा अध्याय आहे. फक्त भिंतीचे पापुद्रे पुन्हा काढता येतात. फोम काढायचा म्हणजे वाशापासून तासून काढावा लागतो.

मग फोम कुठेच नको का? तसे नाही. स्लॅबच्या घराची गोष्ट वेगळी, आणि आज आपल्यातले बहुतेक लोक स्लॅबखालीच राहतात. काँक्रीट दिवसभर ऊन पिते आणि रात्री ती धग खाली सोडते. वरच्या मजल्यावर फ्लॅट असणाऱ्याला हे सांगायची गरज नाही, रात्री अकरा वाजता त्याचा पंखाही गरम हवाच फेकतो. इथे उष्णता अडवणाऱ्या थराचा खरा उपयोग आहे. पण किती आणि कुठे?

किती, याचा हिशोब सोपा आहे. दीडशे मिलिमीटरच्या उघड्या स्लॅबमधून आतल्या-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरला सुमारे ३.२ वॅट उष्णता येते. त्यावर एक इंच बंद पेशींचा फोम आला की हा आकडा ०.७६ वर येतो, म्हणजे तीन-चतुर्थांश उष्णता तिथेच अडली. दोन इंचांना ०.४३, तीन इंचांना ०.३०, चार इंचांना ०.२३. पहिला इंच जे काम करतो त्याच्या जवळपासही पुढचे तीन इंच मिळून जात नाहीत. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली घरांसाठी जी इको निवास संहिता काढली, तिच्यात छपरासाठी ही मर्यादा १.२ ठेवली आहे. वरच्या हिशोबाने तिथे पोचायला अर्धा-पाऊण इंचाचा थरही पुरतो. तेव्हा कुणी चार इंच फोम विकायला आला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

कुठे, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. माझे स्पष्ट मत असे की थर घालायचाच तर स्लॅबच्या वर घालावा, खाली नव्हे. वर घातला की स्लॅब सावलीत राहतो, तापत नाही, त्याचे रोजचे आकुंचन-प्रसरण कमी होते आणि चिरा कमी पडतात. फक्त त्यावर गिलावा आणि लाद्या किंवा योग्य लेप हवा, कारण उघडा फोम उन्हाने पिवळा पडून भुसभुशीत होतो. खाली मारला तर स्लॅब पूर्वीइतकाच किंवा थोडा जास्तच तापतो, चिरा पडतात, त्यातून पावसाचे पाणी मुरते आणि खालून वाळायला वाव राहत नाही. किनाऱ्याची खारी हवा, आत लोखंडी सळ्या. गंज धरू लागला की एरवी छताला तपकिरी डाग पडतो, गिलावा फुगतो, आपण जागे होतो. फोमखाली तो डाग दिसत नाही. दिसतो तेव्हा छताचा पोपडाच हातात येतो.

पण फोमच्याही आधी करण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक, पांढरे छप्पर. तेलंगणाने २०२३ साली पाच वर्षांसाठी शीत-छप्पर धोरण आणले, हैदराबादसारख्या शहरात त्याचा उपयोग उघड आहे. उन्हातला मोठा वाटा पांढरा रंग परत पाठवतो. आपल्याकडे अडचण एवढीच की पावसाळ्यात गच्ची शेवाळाने काळी होते, त्यामुळे दर वर्षी दिवाळीनंतर घासून चुना मारायला हवा. किंवा फुटक्या पांढऱ्या लाद्यांचे तुकडे बसवावेत. दुसरी गोष्ट, गच्चीवरचे पत्र्याचे छप्पर. गोव्यातल्या कुठल्याही गावात जा, स्लॅब गळतो म्हणून लोकांनी वर पत्रे घातलेले दिसतील. वास्तुरचनाकार त्याला नाके मुरडतात, दिसायला ते ओबडधोबड असतेच. पण विज्ञान म्हणाल तर ते अगदी बरोबर आहे. ऊन पत्र्यावर पडते, मधल्या मोकळ्या जागेतून वारा वाहतो, स्लॅब सावलीत राहतो आणि कोरडाही. खाली वाळवण घालता येते ते वेगळेच. कुणा तज्ज्ञाला न विचारता सामान्य माणसाने कौलारू घराचेच तत्त्व स्लॅबवर नेऊन बसवले आहे.

ज्यांच्या डोक्यावर नुसता पत्राच आहे, माळा नाही, स्लॅब नाही, त्यांचा उन्हाळा सर्वांत कठीण. तिथे पत्र्याला आतून बंद पेशींच्या फोमचा पातळ थर खरोखर उपयोगी पडतो. धग कमी होते, पावसाचा आवाज कमी होतो, थंडीच्या पहाटे पत्र्यातून टपकणारे दव थांबते. पत्र्यात वासा कुजण्याची भीतीही नाही, पण खालची लोखंडी चौकट आधी गंजापासून राखून घ्यावी. खेद इतकाच की ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज त्यालाच तो परवडत नाही. सरकारने उद्या उष्णतेवर काही खर्च करायचे ठरवले तर सुरुवात या पत्र्यांपासून व्हावी. व्हिलांची काळजी घ्यायला त्यांचे धनी समर्थ आहेत.

एसीच्या खोलीबद्दल एक शब्द. फोम मारल्यावर खोली लवकर थंड होते हे खरे. पण एसी हवा थंड करतो तसाच ती कोरडीही करतो, आणि कोरडी करायला त्याला चालत राहावे लागते. खोली पटकन थंड झाली की तो बंद पडतो, हवेतले पाणी तसेच राहते. थंड आणि दमट अशी गुहेसारखी हवा तयार होते. मोठ्या टनांचा जुना एसी आणि नवा फोम अशी जोडी जमली तर हे हमखास. मी सरकारी कारकून. थंड केलेल्या खोलीला लागून असलेल्या भिंतीकडच्या कपाटात फाइलींच्या पाठीवर बुरशीची हिरवी साय कशी चढते ते मी दर पावसाळ्यात पाहतो. थंड भिंतीच्या बाहेरच्या अंगाला दमट हवा लागते आणि आपले काम करते. तेव्हा फोम मारायचाच असेल तर एसी लहान घ्यावा, फटी बुजवाव्यात आणि दिवसातून एकदा बाहेरची हवा कुठून येणार हेही ठरवावे.

फवारणीच्या कामातले धोकेही कुणी सांगत नाही. आयसोसायनेट श्वासात गेले तर दमा जडू शकतो, आणि एकदा त्याचे वावडे झाले की पुढे थोडाही संपर्क सोसत नाही. फवारणाऱ्याला पूर्ण मुखवटा आणि ताजी हवा हवी, घरच्या माणसांनी निदान एक दिवस तरी घराबाहेर राहावे. आपल्याकडे तोंडाला पंचा बांधून काम करणारे पोरगे दिसले तर ते काम थांबवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. आगीचे म्हणाल तर हा फेस जळतो आणि विषारी धूर सोडतो. अमेरिकेत राहत्या घरात त्यावर निदान अर्ध्या इंचाच्या जिप्सम पत्र्याचे आच्छादन घालण्याचा नियम आहे. देवघरात समई, स्वयंपाकघरात फोडणी, चवथीला फटाके असलेल्या आपल्या घरात तो उघडा ठेवणे शहाणपणाचे नाही. फुगवणाऱ्या वायूंचा प्रश्न वेगळाच. ओझोनला घातक असा एचसीएफसी-१४१बी भारताने फोमच्या उद्योगातून १ जानेवारी २०२० पासून हद्दपार केला, ही चांगली गोष्ट. पण त्याच्या जागी आलेल्यांपैकी काही वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट, काही तर हजारपटीच्या घरात आहेत. आपले घर थंड करताना जग तापवायचे का, हे विचारायला हवे.

मला सर्वांत जास्त सलते ते वेगळेच आहे. फोम विकणाऱ्याचे मुख्य वाक्य असते, 'एकदा मारला की पुन्हा बघायला नको.' हे 'बघायला नको' आपल्याला फार गोड लागते. शाकारणी करणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर वेळेवर येत नाही, चुना करणारे उरले नाहीत, मुलांना छपरावर चढायची भीती वाटते. अडचणी खऱ्या आहेत. पण त्यावर उत्तर म्हणून आपण घराकडे पाहणेच सोडून देतो आहोत. इतक्या पावसाच्या मुलखात न बघता टिकणारे घर अजून कुणी बांधलेले नाही. आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कौले आणि चुन्याच्या कामाचा एखादा अभ्यासक्रम निघाला, पंचायतींनी शाकारणी करणाऱ्यांची यादी ठेवली, तर फोमच्या कितीतरी पिंपांपेक्षा जास्त घरे वाचतील, आणि चार हातांना कामही मिळेल.

तेव्हा कौलारू घर असेल तर कौलांखाली माळा घाला, बांबूच्या तट्ट्या लावा, वरच्या फटी मोकळ्या ठेवा, फोम मात्र नको. स्लॅब असेल तर आधी सावली करा, मग पांढरा रंग, आणि त्यानंतरही गरज उरली तर वरच्या बाजूने इंचभर थर. नुसता पत्रा असेल तर आतून पातळ फोम जरूर मारा, पण जाणत्या माणसाकडून. आणि फोमवाला दारात आलाच, तर त्याला एकच प्रश्न विचारा: या छपरात शिरलेले पाणी बाहेर कुठून जाणार? त्याने नीट उत्तर दिले तर पुढचे बोलणे करा. तो हसला, तर दार लावून घ्या आणि खिडकी उघडा.